आधी रक्त पाहा, मग स्टेरॉइड

सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुफ्फुसविकाराचा, रुग्ण धापा टाकत आला, की त्याला सरसकट स्टेरॉइड असलेला पंप लिहून देण्याची सवय मोडायला हवी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. साध्या सीबीसी तपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण कळते. ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ पासून त्याला उपचारात स्थान दिले आहे. दर मायक्रोलिटरमागे ३०० किंवा अधिक पेशी असतील आणि दुखणे वारंवार बळावत असेल, तर स्टेरॉइडचा पंप उपयोगी ठरण्याची शक्यता जास्त. १०० पेक्षा कमी असतील, तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाचा धोका मात्र पदरी.

भारतात हा आकडा जपूनच वाचावा लागेल. पोटातल्या जंतांमुळे, ॲलर्जीमुळे तो वाढतो. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू असताना तो खाली येतो. क्षयरोग होऊन गेला असेल, तर स्टेरॉइड देताना आणखी सावधगिरी हवी. म्हणून एकाच अहवालावर विसंबू नये.

चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या कितीतरी बायकांना सीओपीडी जडतो. ग्रामीण रुग्णालयांत सीबीसी होतेच. तिच्यातला हा आकडा केसपेपरवर ठळक लिहिला जावा, असा आदेश आरोग्य खात्याने काढावा. रुग्णांनी मात्र चालू पंप परस्पर बंद करू नये. दम्याच्या रुग्णांनी तर मुळीच नाही: त्यांच्यासाठी स्टेरॉइडचा पंप हाच मुख्य उपचार आहे.