इंजिन बदलले, 'अ‍ॅव्हरेज' का घटले?

जुन्या ट्रकचे इंजिन थकले, की मालकापुढे दोन वाटा असतात. कर्ज काढून 'बीएस-६' मानकाची नवी गाडी घ्यायची किंवा दुसऱ्या गाडीचे उतरविलेले इंजिन बसवून जुनीच आणखी काही वर्षे चालवायची. एक-दोन गाड्यांवर संसार असलेले मालक बहुधा दुसरी वाट धरतात. मात्र इंजिन बदलल्यानंतर लिटरमागचे किलोमीटर, म्हणजेच या धंद्यातील 'अ‍ॅव्हरेज', वाढण्याऐवजी घटल्याचा अनुभव अनेकदा येतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून अशी घट सोसणे छोट्या मालकाला अधिकच जड जाते.

हिशेब सरळ आहे. महिन्याला ६ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज चारवरून साडेतीनवर आले, तर सुमारे २१४ लिटर डिझेल जादा लागते. लिटरला ९० रुपये धरले तरी हा भुर्दंड १९ हजार रुपयांवर जातो. नव्या गाडीचा हप्ता वाचविला म्हणावे, तर तो टाकीतून गळून जातो. त्यातच पहिला संशय येतो तो चालकावर. ठरवून दिलेले अ‍ॅव्हरेज न पडल्यास तूट चालकाच्या पगारातून कापण्याची पद्धत या व्यवसायात आहे. त्यामुळे दोष यंत्राचा की माणसाचा, हे ठरविणे ही केवळ गॅरेजमधील बाब राहत नाही.

आधी मोजमाप तपासा

घट खरी आहे का, हा पहिला प्रश्न. इंजिनाबरोबर गिअर बॉक्स बदलला असेल, तर किलोमीटरचा काटा चुकू शकतो. ९.००-२० ऐवजी १०.००-२० मापाचे टायर चढविले असतील, तर चाकाचा घेर तीन ते चार टक्क्यांनी वाढतो. गाडी जास्त धावते आणि काटा कमी दाखवितो. म्हणून ज्ञात अंतराच्या रस्त्यावर काटा पडताळून, टाकी काठोकाठ भरून आणि पुन्हा तशीच भरून, दोन-तीन खेपांचा हिशेब मांडला पाहिजे. वजनाचाही विचार हवा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अवजड वाहनांची वजनमर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढविली. गाडीत आज अधिक माल भरला जात असेल, तर त्याआधीच्या अ‍ॅव्हरेजशी तुलना करणे न्याय्य ठरत नाही.

जोडी जमली का?

घट खरी ठरली, तर इंजिन आणि मागच्या 'क्राउन-पिनियन'ची जोडी पाहावी लागते. सरळ टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाला ६.८३ गुणोत्तराच्या क्राउनवर इंजिन मिनिटाला सुमारे २,१३० फेरे घेते, ५.८६ गुणोत्तरावर तेच काम १,८३० फेऱ्यांत होते. कमी फेऱ्यांवर जोर देणारे टर्बो इंजिन जुन्या क्राउनवर बसविले, तर ते विनाकारण पळत राहते आणि डिझेल खाते.

त्यानंतर डिझेल पंप आणि नोझल. पंप त्याच इंजिनासाठी जुळविलेला नसेल किंवा टायमिंग चुकले असेल, तर धूरच ते सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर टायमिंग व नोझलकडे पाहावे. टर्बोनंतरच्या रबरी पाइपमधील बारीक गळती किंवा नव्या इंजिनाला अपुरा पडणारा एअर फिल्टर यांमुळेही काळा धूर येतो.

आपल्याकडची एक खोड मात्र सहसा लक्षात येत नाही. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. मग इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही आणि थंड इंजिन अधिक डिझेल पिते. खेपेनंतर एखादा ब्रेक ड्रम इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल, तर तो ब्रेक धरून राहिला आहे, हेही समजावे.

नियमांची पोकळी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिनातील बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करणे आवश्यक आहे. मात्र नोंदीमुळे इंजिन व क्राउनची जोडी जमली की नाही, हे कळत नाही. 'पीयूसी' चाचणीत उभ्या गाडीचा धूर मोजला जातो. भरल्या गाडीने घाटात किती डिझेल जाळले, हे त्यात दिसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अवजड वाहनांसाठी इंधन कार्यक्षमतेचे निकष अधिसूचित झाले, तेही नव्या वाहनांपुरतेच. जुन्या गाडीचा मालक अखेर मिस्त्रीच्या अनुभवावरच विसंबून राहतो.

अशा स्थितीत कमी खर्चाच्या तपासण्या आधी आणि पंप किंवा क्राउनला हात नंतर, हाच क्रम मालकाच्या हिताचा आहे. चालकाच्या पगाराला हात त्याहीनंतर लागला पाहिजे. काटा, टायर, ब्रेक आणि थर्मोस्टॅट तपासण्याआधी ज्याच्यावर डिझेलचोरीचा ठपका बसतो, त्या चालकाकडे आपली बाजू मांडण्यासाठी कोणतेही मोजमाप नसते.