मागचे चाक रुंदावले, पण पकड वाढली का?

ठाणे, प्रतिनिधी - खोपटच्या एसटी आगाराकडून कॅडबरी जंक्शनच्या दिशेने निघालेल्या दुचाकींच्या गर्दीकडे मागून पाहिले तर गेल्या दोन दशकांतील एक बदल चटकन नजरेत भरतो. एके काळी मडगार्डखाली जेमतेम दिसणारे मोटारसायकलचे मागचे चाक आता गाडीचा सर्वांत भारदस्त भाग झाले आहे. ज्यांच्या गाडीला कंपनीने असे चाक दिलेले नाही, त्यांच्यापैकी अनेक तरुण टायर बदलायची वेळ आली की 'एक-दोन साइज मोठा' मागतात. टायर जितका रुंद तितकी रस्त्यावरची पकड जास्त, अशी त्यामागची समजूत आहे. येऊरच्या चढावर, गायमुखच्या उतारावर किंवा माळशेज घाटाच्या वळणांवर ही समजूत तपासून पाहिली तर ती अर्धीच खरी ठरते, आणि उरलेली अर्धी धोक्याची आहे.

ही हौस कुठून आली, ते पाहणे उद्बोधक आहे. २००३ मध्ये आलेल्या हिरो होंडा करिझ्माला मागे १००/९०-१८ आकाराचा टायर होता आणि त्या काळी तो पुरेसा रुबाबदार समजला जाई. २००७ मध्ये बजाजने पल्सर २०० ला १२०/८०-१७ आकाराचा ट्यूबलेस टायर दिला. खरी उडी पडली ती २००८ मध्ये. यामाहाच्या एफझी १६ ला मागे तब्बल १४०/६०-१७ आकाराचा रेडियल टायर होता. या गाडीचे इंजिन १५३ सीसीचे आणि ताकद १४ अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या ताकदीला १४० मिलिमीटर रुंदीची यांत्रिक गरज नव्हती. ते चाक बरेचसे दिसण्यासाठी होते आणि ते काम त्याने चोख बजावले. पुढे २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या केटीएम ड्यूक २०० ला १५०/६०-१७ टायर आला आणि रुंद चाक हे 'स्पोर्ट' गाडीचे लक्षणच होऊन बसले.

टायरच्या कडेवर छापलेले हे आकडे अनेकांना कोडे वाटतात. १४०/७०-१७ याचा अर्थ टायरची रुंदी १४० मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच. म्हणजे रुंदी बदलली की बहुतेक वेळा उंचीही बदलते. ग्राहक पाहतो ती रुंदी. गाडीच्या वागणुकीवर उंचीचाही तितकाच परिणाम होतो.

आधी पकडीचा प्रश्न. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्याचे क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : चाकावर आलेले वजन आणि टायरमधील हवेचा दाब. मागच्या चाकावर ११० किलो भार आणि ३३ पौंड हवा असेल, तर हा भाग ढोबळमानाने ४८ चौरस सेंटिमीटर भरतो. टायर १०० चा असो वा १४० चा, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आकारात. अरुंद टायरचा ठसा लांबट, तर रुंद टायरचा आखूड व आडवा. रबर घर्षणाचे शालेय नियम तंतोतंत पाळत नाही, त्यामुळे रुंद टायरचा थोडा लाभ मिळतो हे खरे. पण तो प्रामुख्याने जास्त ताकदीच्या गाड्यांना. दोनशे अश्वशक्तीच्या आसपास ताकद असलेल्या एक हजार सीसीच्या मोटारसायकलींना १९० किंवा २०० मिलिमीटरचा टायर लागतो, कारण वळणातून बाहेर पडताना ती ताकद पेलणारे रबर तापून झिजू नये. सतरा-अठरा अश्वशक्तीच्या गाडीपुढे ही अडचण उभीच राहत नाही. याचा सर्वांत चांगला दाखला शर्यतीच्या मैदानावरच मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या भारतीय ग्रांप्रीत मोटो-३ गटाच्या २५० सीसी गाड्याही धावल्या. त्यांचे टायर मोटोजीपीच्या गाड्यांपुढे अगदीच किरकोळ दिसतात, पण वळणात त्या कुणालाही लाजवतील अशा वेगाने जातात.

आता हाताळणीकडे वळू. या बाबतीत यामाहा आर १५ इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. २००८ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिला पुढे ८०/९०-१७ आणि मागे १००/८०-१७ असे सडपातळ टायर होते. गाडी वळणात विलक्षण चपळ होती, तरी 'मागून बारीक दिसते' ही तक्रार पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा टायर १३०/७०-१७ झाला आणि २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १४०/७०-१७. ग्राहकाने यातून एवढाच बोध घेतला की कंपनीनेही शेवटी टायर मोठाच केला. प्रत्यक्षात दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने मागचा स्विंग आर्म अ‍ॅल्युमिनियमचा केला, दोन चाकांमधील अंतर १२९० वरून १३४५ मिलिमीटरवर नेले, रिम रुंद केले आणि पुढचा टायरही ९० चा केला. तिसऱ्या आवृत्तीत पुढचा टायर १०० चा झाला. म्हणजे टायर बदलला नाही, गाडी बदलली.

पहिल्या आवृत्तीच्या गाडीला, बाकी काहीही न बदलता, १४०/७० टायर चढवला तर काय होते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. चाकाचा व्यास सुमारे ५९२ मिलिमीटरवरून ६२८ वर जातो. परिणामी मागचा आस १८ मिलिमीटर उचलला जातो आणि पुढच्या फोर्कचा कल जवळजवळ पाऊण अंशाने उभा होतो. हँडल हलके लागते, पण वेगात सरळ धावताना गाडीचा स्थिरपणा कमी होतो. चाकाचा परीघ सहा टक्क्यांनी वाढल्याने प्रत्येक गिअर तेवढाच 'लांब' होतो आणि छोट्या इंजिनाचा पिकअप मंदावतो. चढावर हे लगेच जाणवते. शिवाय चेन किंवा मडगार्डला टायर घासण्याची शक्यता असते ती वेगळीच.

रुंदीचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. गाडी झुकली की टायर मध्यावर न टेकता कडेकडे टेकतो. टायर जितका रुंद, तितका हा टेकण्याचा बिंदू मध्यापासून दूर सरकतो आणि तोल साधण्यासाठी गाडी आणखी झुकवावी लागते. ज्या वेगाला तत्त्वतः ४५ अंशांचा कल पुरावा, तिथे गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर धरला आणि केवळ मागच्या चाकाचा विचार केला, तर १०० च्या टायरला सुमारे ४८.७ आणि १४० च्या टायरला ५०.४ अंश कल लागतो. दीड-पावणेदोन अंश म्हणजे फार नव्हे. पण त्याच वळणाला, त्याच वेगाला, पकडीच्या नावाखाली खर्च करून गाडी जास्त झुकवावी लागणे यातला विनोद लक्षात घेण्याजोगा आहे. त्यातच रुंद टायर वळणात शिरायला आढेवेढे घेतो, तर उचललेला मागचा भाग गाडीला वळणात ढकलतो. या ओढाताणीत चालकाला गाडीचा अंदाज येईनासा होतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रिमकडे. १००/८० च्या टायरला साधारण अडीच इंच रुंदीचे रिम लागते, तर १४०/७० ला चार इंचांच्या आसपास. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि गोलाकार पाठ निमुळती होते. सरळ रस्त्यावर मधला पट्टा झिजत राहतो, कडेचे रबर बहुतेक वेळा रस्त्याला टेकतच नाही, आणि वळणात कडेच्या भिंती डगमगतात. म्हणजे ज्या रुंदीसाठी पैसे मोजले, ती दुकानातून घरी येईपर्यंतच खर्ची पडलेली असते! एक पायरी वाढवण्याची गोष्ट वेगळी. १००/८० च्या जागी ११०/८० घेतला तर व्यास पावणेतीन टक्क्यांनी वाढतो, रिमही बहुधा चालून जाते आणि गाडी फारशी कुरकुर करत नाही.

पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा खड्डे चुकवत जाताना रुंदीपेक्षा टायरची अवस्था मोलाची ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असायला हवी. ही मर्यादा इतकी उदार आहे की ती गाठेपर्यंत थांबणारा चालक पाणी साचलेल्या रस्त्यावर नशिबाच्या भरवशावर असतो. हवेचा दाब, रबराचा मऊपणा आणि टायरचे वय यांनी पकडीत पडणारा फरक ३०-४० मिलिमीटरच्या रुंदीने पडत नाही. वय तर कडेवरच छापलेले असते. चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशील बदलण्यास मज्जाव असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. पोलिसांच्या कारवाईत कर्णकर्कश सायलेन्सर पकडले जातात, कारण ते ऐकू येतात. टायरचा आकार वाकून वाचावा लागतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र तो वाकून वाचू शकतो.