फाया

दोस्तहो, माझा बाप महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. गोरेगावच्या खोलीवर आला की लाइफबॉयनं दोनदा अंग घासायचा, कानात अत्तराचा फाया खोचायचा आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचा. तरी समोरच्या बिल्डिंगीतले नाकाला रुमाल लावूनच त्याच्याशी बोलायचे. मला वाटायचं, अत्तर हलकं असेल. पहिल्या पगारात भारीतलं आणलं. रुमाल काही हलले नाहीत.

तेव्हा म्हटलं, या सुगंधाचीच एकदा झडती घेऊ.

कनौजला अजून तांब्याच्या डेगेत गुलाब शिजतो, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि चंदनाच्या तेलात वास मुरतो. हे अत्तर दरबारात, सत्कारात, लग्नाच्या मांडवात मनगटामनगटाला लागलं. आमची रांग मांडवाबाहेर, उष्ट्या पत्रावळींपाशी.

आता सुगंधाच्या पोटात काय ते ऐका. कस्तुरी ही हरणाच्या नराच्या बेंबीपाशी असलेल्या गाठीतली. जवादी ही जवादी मांजराच्या गुदापाशी पाझरणारी. अंबर व्हेलच्या आतड्यात साठलेलं. कोकण किनाऱ्यावर ही 'व्हेलची उलटी' विकताना माणसं पकडली जातात आणि पेपरात तिची किंमत कोटींत छापून येते. आणि ज्या जाई-मोगऱ्याचे गजरे देवाला वाहता, त्यांच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं. तेच माणसाच्या गुवातही असतं. थोडं असलं की फूल दरवळतं, फार झालं की नाक मुरडतं.

च्यायला, मग ही कसली नाकं? व्हेलच्या आतड्यातली घाण कोटींची, आणि तुमची घाण उचलणारा माझा बाप बाटलेला!

ही नाकं जुनीच आहेत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, मागून आपली माणसं प्याली. सनातन्यांनी तळं शुद्ध केलं. कशानं? शेण-गोमूत्र ओतून! शेणाची घाण वाटली नाही, आमच्या ओंजळीची वाटली.

मैला माणसाच्या हातून उचलू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी माणूस गटारात उतरवला जातो. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस आतच कोसळतो. त्याचं नाक वायूनं मेलं. वर झाकणापाशी उभ्या असलेल्या मुकादमाचं, ठेकेदाराचं, साहेबाचं नाक कशानं मेलं?

बाप गेला. त्याच्या पेटीत ती भारी बाटली निघाली, बूचसुद्धा न उघडलेली. त्याला माझ्याआधीच कळलं होतं.

दोस्तहो, अंगाला वास येतो म्हणून लाजू नका. अत्तर नको, गटारात मशीन उतरवा म्हणा. माणूस उतरवणाऱ्याला तुरुंगात घाला म्हणा. बाटली मी जपून ठेवलीय. गटारात मरणारा शेवटचा माणूस मेला की त्या दिवशी बूच उघडीन.

जयभीम!