तीन गोळ्यांचा निकाल

अमेरिकेत रायफलीचे अनेक शौकीन काडतुसे घरीच भरतात आणि क्रोनोग्राफवर गोळीचा वेग मोजतात. साध्या यंत्रात दोन संवेदक असतात; त्यांतले अंतर गोळीने किती वेळात कापले, एवढाच हिशेब. यंत्र चोख असते, घाई माणसाची. तीन गोळ्यांचे वेग जवळजवळ आले, की काडतुसातल्या दारूचे प्रमाण जमले म्हणून मोकळे! पण सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतला फरक पुढच्या गोळ्यांनी वाढू शकतो, घटत मात्र कधीच नाही. वीस तरी झाडून बघा, असे मी म्हणेन. ओपीडीत जिना चढून धापा टाकत आलेल्याचा रक्तदाब एकदाच मोजून कुणी जन्माची गोळी लिहून देऊ लागले, की मी चिठ्ठी अडवतो. पाच मिनिटे बसवा, पुन्हा मोजा, पुढच्या आठवड्यात परत बोलवा.