लटकी चूल, खरे शिक्षण

शाळेच्या वार्षिक अंकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे शिस्त, वाचन, परीक्षा किंवा शाळेची प्रगती यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, असा एक संकेत पडून गेला आहे. तो क्षणभर बाजूस ठेवून आम्ही आज शाळेबाहेरच्या एका शाळेविषयी लिहिणार आहोत. ती शाळा म्हणजे आपले घर, तिचा अभ्यासक्रम म्हणजे मुलांचा लटका खेळ आणि तेथील गुरुजन म्हणजे मुलांच्या संगतीत आनंद मानणारे आईबाप.

अलीकडे आपल्या देशात काही पालक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू लागले आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या परीक्षेस शाळेत न जाताही बसता येते, त्यामुळे या मार्गाने जाणारांची सोय झाली आहे. शाळेत शिकवून आमचा चरितार्थ चालतो, तेव्हा अशा पालकांविषयी आमचे मत प्रतिकूल असेल असे कोणासही वाटेल. परंतु खरे सांगावयाचे तर आम्हांस त्यांचा थोडा हेवा वाटतो. आपल्या मुलाची सकाळ, दुपार आणि संध्याकाळ त्यांना पाहावयास मिळते. चार वर्षांचे मूल केळीच्या सोपाचे गलबत करून माजघरातून गोव्याहून थेट लंकेस निघते, तेव्हा ते पाहावयास हे पालक घरी असतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास फक्त संध्याकाळचे दमलेले, गृहपाठाने कावलेले मूल येते.

आमचे म्हणणे असे आहे की, घरी शिकविणे सर्वांस शक्य नाही आणि सर्वांस आवश्यकही नाही. मात्र मुलांच्या कल्पनेच्या खेळाचा जो आनंद हे पालक लुटतात, तो शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांनी विनाकारण सोडून दिला आहे. तो परत मिळविला पाहिजे.

या बाबतीत इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातील एक उदाहरण मोठे बोलके आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात हॉवर्थ नावाच्या गावी पॅट्रिक ब्राँटे हे धर्मोपदेशक राहत असत. १८२१ साली त्यांची पत्नी वारली. पुढे चार मुलींना त्यांनी एका निवासी शाळेत ठेवले, परंतु तेथे आजारी पडून घरी आणलेल्या थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, १८२५ साली दगावल्या. शार्लट आणि एमिली यांना बापाने घरी परत आणले, आणि त्यानंतर काही वर्षे या दोघी, ब्रॅनवेल हा मुलगा आणि धाकटी ॲन अशी चौघे भावंडे बाप आणि मावशी यांच्या हाताखाली घरीच शिकली. बापाने आपली पुस्तके मुलांपासून कुलपात ठेवली नाहीत. घरी येणारी वृत्तपत्रे मुले वाचीत आणि राजकारणावर बापाशी वादही करीत.

१८२६ सालच्या जून महिन्यात लीड्स शहराहून परतताना बापाने ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपायांची एक पेटी आणली. चौघांनी एकेक शिपाई उचलला. शार्लटने आपल्या शिपायास वेलिंग्टनचे नाव दिले, ब्रॅनवेलने आपल्यास बोनापार्टचे. त्या शिपायांना राज्य हवे म्हणून राज्य निर्माण झाले, राज्यास राजधानी हवी म्हणून काचनगर उभे राहिले, आणि नगरास नियतकालिक हवे म्हणून मुलांनी आगपेटीएवढी चिमुकली पुस्तके स्वतःच्या हाताने लिहून, शिवून तयार केली. शिपायांनाही ती वाचता यावीत इतके त्यांतील अक्षर बारीक असे! पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी आंग्रिया नावाचे आणि एमिली व ॲन यांनी गोंडाल नावाचे राज्य वसविले. १८४५ साली एमिली सव्वीस आणि ॲन पंचवीस वर्षांची असताना दोघी यॉर्कच्या प्रवासास निघाल्या, तेव्हाही वाटेत त्या गोंडालच्या राजपुत्रांची आणि राजकन्यांची सोंगे घेऊन खेळत होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४७ साली, तिघी बहिणींच्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या: 'जेन एअर', 'वदरिंग हाइट्स' आणि 'ॲग्नेस ग्रे'. त्या चिमुकल्या पुस्तकांपैकी एक २०१९ साली पॅरिसच्या लिलावात हॉवर्थच्या संग्रहालयाने सहा लाख युरो देऊन विकत घेतले.

येथे कोणी म्हणेल, "म्हणजे मुलांना घरी ठेवून बाहुल्या दिल्या की ती ग्रंथकार होतात काय?" तसे मुळीच नाही. चौघांपैकी सर्वांत अधिक काळ घरी शिकलेला ब्रॅनवेल व्यसनाधीन झाला आणि १८४८ साली एकतिसाव्या वर्षी वारला. घर, खेळ आणि पुस्तके यांतून काय निघेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु या कथेत बापाची जी वागणूक दिसते ती आम्हांस महत्त्वाची वाटते. त्याने शिपाई आणून दिले आणि तो बाजूस झाला. खेळ कसा खेळावा हे त्याने शिकविले नाही, खेळाची परीक्षा घेतली नाही आणि "पुरे झाला पोरखेळ" असेही तो म्हणाला नाही.

लटक्या खेळात मूल नेमके काय शिकते? रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात याचे मार्मिक विवेचन केले आहे. मूल काठीवर बसून तिला घोडा म्हणते, तेव्हा काठी डोळ्यांना दिसत असते आणि घोडा मनात असतो. वस्तू आणि तिचा अर्थ यांची फारकत करण्याचा मुलाचा हा पहिला प्रयत्न होय. पुढे कागदावरच्या काही रेघा म्हणजे 'ग' हे ज्या शक्तीने समजते, ती शक्ती या काठीच्या घोड्यावर बसूनच आलेली असते. व्हिगॉट्स्की यांनी आणखी एक उदाहरण दिले आहे. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी "आपण बहिणी-बहिणी खेळू" असे ठरवितात. एरवी न कळत बहिणी असलेल्या त्या मुली आता बहिणीने कसे वागावे याचा नियम पाळू लागतात. खेळात मूल मोकळे असते खरे, पण त्याच वेळी ते स्वतःच्या इच्छेने नियमात राहावयास शिकते. शिस्त शिस्त म्हणून आम्ही शिक्षक जिचा घोष करतो, तिचा उगम भातुकलीत आहे!

विरुद्ध पक्षही विचारात घेतला पाहिजे. १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढणाऱ्या आणि १९३९ साली भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांचे मत असे की, लहान मुलास लटक्या चुलीपेक्षा खरे काम अधिक आवडते. त्याला खरा केर काढू द्यावा, खरी भाजी चिरू द्यावी. या मतात पुष्कळ तथ्य आहे. मात्र आपल्या घरांकडे पाहिले म्हणजे आम्हांस हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. जी मुलगी सकाळी आजीजवळ बसून नारळ खवताना पाहते आणि मूठभर खोबरे वाटीत भरावयास मदत करते, तीच दुपारी करवंटीत माती कालवून हुमण शिजविते आणि बाहुलीस म्हणते, "तिखट झाले काय गो?" खऱ्या कामावाचून खेळास विषय मिळत नाही आणि खेळावाचून कामाचा अर्थ मनात मुरत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्यात शिंपले, खडे, बिया, पाने हेच साहित्य होते. महागड्या खेळण्यांवाचून मुलाचे काही अडत नाही, हे त्यांनी गरिबांच्या अंगणात सिद्ध करून दाखविले.

खेळ हा आरसाही असतो, आणि त्यात कधी कधी आपले तोंड पाहावयास लाज वाटते. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, लहानपणी ते घराच्या व्हरांड्यात शाळा भरवीत. कठड्याचे लाकडी गज हे त्यांचे विद्यार्थी, आणि हातातल्या छडीने ते त्या बिचाऱ्या गजांना बेदम मारीत! शिक्षकांची विद्या घेण्याआधी त्यांचा राग त्यांनी उचलला होता. हेच रवींद्रनाथ शाळेस कंटाळून बव्हंशी घरीच शिकले आणि १९०१ साली त्यांनी शांतिनिकेतनात झाडांखालची शाळा काढली. आपल्या अंगणात मुले 'शाळा-शाळा' खेळत असतील तर आम्ही शिक्षकांनी आणि 'घर-घर' खेळत असतील तर आईबापांनी आडोशास उभे राहून ऐकावे. बाहुलीवर खेकसणारा आवाज कोणाचा आहे, हे चटकन ओळखू येईल.

आम्हां कोंकणी बोलणाऱ्या आणि मराठीत शिकणाऱ्या गोमंतकीयांस या आरशात आणखी एक गंमत दिसते. आपल्या गावोगावी जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटके होतात. दुसऱ्या दिवशी तोच रंगमंच मुलांच्या पडवीत उभा राहतो. आईचे लुगडे पडदा होते, ताटली ढाल होते, आणि पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला सात वर्षांचा राजा खड्या मराठीत गर्जना करतो. मुकुट खाली पडताच तो राजा भावास म्हणतो, "अरे, म्हाका दी तो!" वैद्याचा खेळ असला तर मध्येच इंग्रजी शब्द येतात. कोणत्या प्रसंगी कोणती भाषा, हे त्या मुलांना कोणी शिकविलेले नसते. आमच्या मते तीन भाषांची ओझी मुलांच्या डोक्यावर आहेत असे म्हणणाऱ्यांनी एकदा हा खेळ पाहावा. खेळात मूल भाषा ओझ्याप्रमाणे वाहत नाही, मुकुटाप्रमाणे घालते आणि काढते.

मग हा खेळ आपल्या घरांतून कमी का होत आहे? आम्हांस दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे शिकवण्या. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंतचा जो काळ पूर्वी मुलांचा होता, तो आता शिकवणीचा झाला आहे, आणि हे लोण पहिली-दुसरीपर्यंत येऊन पोहोचले आहे. दुसरे कारण म्हणजे मोबाइल. त्यात राजे, राक्षस, लढाया सर्व काही आहे, परंतु ते सर्व दुसऱ्याने कल्पिलेले आहे. मुलाने कल्पावयाचे असे त्यात काही उरत नाही. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक घर ही सक्तीची शाळा झाली. पडद्यासमोर मुलांना बसवून ठेवताना अनेक आईबाप मेटाकुटीस आले हे खरे. पण काही घरांत मुलांनी पाटांची आगगाडी केली आणि बापही तिच्यात उतारू होऊन बसला, हेही तितकेच खरे. ते दिवस गेल्यावर ती आगगाडी पुन्हा पाटांच्या फळीवर जाऊन पडली, याचे आम्हांस वाईट वाटते.

पालकहो, आम्ही आपणांकडे फार मागत नाही. दिवसाकाठी एक तास मुलास संपूर्ण रिकामा द्या. त्या तासात शिकवणी नको, पडदा नको आणि आपली सूचनाही नको. जुनी लुगडी, करवंट्या, खोकी, काजूच्या बिया त्याच्या हाताशी राहू द्या. खेळात बोलावणे आले तर जरूर जा. पेशंट व्हा, उतारू व्हा, राक्षस व्हा. मात्र खेळाचा मुख्याध्यापक होऊ नका. "खोकी सात का आठ, मोज पाहू" असे विचारले की मूल ओळखते: ही आई नव्हे, ही परीक्षा आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारातील ३१ वे कलम खेळ हा मुलाचा हक्क मानते, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला आहे. हक्काची वस्तू आपण बक्षीस म्हणून देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल की आम्ही आता मोठे झालो, आम्हांस याचे काय? तुमच्या घरी धाकटे भावंड असेल. त्याच्या मातीच्या गणपतीस आणि हातभर माटोळीस हसू नका. शक्य तर तिला एक कवंडळ आणून बांधा. आणि तुमच्या स्वतःच्या मनात एखादे राज्य अजून शिल्लक असेल, तर ते लाजेने मोडून टाकू नका. वहीच्या मागच्या पानावर त्याचा नकाशा काढा, त्याच्या राजाची गोष्ट लिहा. पुढील वर्षीच्या अंकासाठी आम्ही ती आनंदाने मागून घेऊ.