खापर रक्तावर का?

"आजा दारूत गेला, बापाचंही तेच झालं, आता पोरगं वेगळं काय करणार? रक्तातच आहे त्यांच्या!" मयताला जमलेल्या माणसांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, पोलीस चौकीत, कुठेही हे वाक्य ऐकू येतं. हल्ली त्याला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखं वाटू लागलं आहे. रक्ताऐवजी 'जीन्स' म्हटलं की झालं. लाळेच्या नमुन्यावरून व्यसनाकडचा कल सांगणाऱ्या चाचण्याही विकल्या जातात. माझं म्हणणं असं, की कोवळ्या वयातल्या पहिल्या घोटाबाबत आणि तंबाखूच्या पहिल्या चिमटीबाबत हे वाक्य खोटं आहे. आणि ते उच्चारणारा प्रत्येक जण त्या मुलाचं नुकसान करतो.

पूर्वपक्ष मात्र पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा. केनेथ केंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या अठरा हजारांवर दत्तक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. जन्मदात्यांपैकी कुणी अमली पदार्थांच्या आहारी गेलेलं असेल, तर परक्या घरी वाढलेल्या त्यांच्या मुलांतही हे प्रमाण 8.6 टक्के निघालं. जन्मदात्यांचा तसा इतिहास नसेल तर 4.2 टक्के. म्हणजे दुप्पट. 2019 साली सुमारे 12 लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून दारू आणि तंबाखूच्या सवयींशी नातं असलेल्या चारशेहून अधिक जागा सापडल्या. त्यातली एक, 15 व्या गुणसूत्रावरची, निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकात आहे; तो फरक असणारे धूम्रपान करणारे लोक इतरांपेक्षा दिवसाला साधारण एखादी सिगारेट जास्त ओढतात. 'जनुकांचा काही संबंध नाही, सगळं संस्कारांवर असतं' असं म्हणणाऱ्यांनी हा पुरावा आधी वाचावा. वारसा खरा आहे.

पण वारसा म्हणजे निकाल नव्हे. स्वीडनच्या त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहा. ज्यांच्या रक्तात 'ते' होतं, अशा शंभरातल्या एक्याण्णव जणांच्या नावावर तशी नोंद झाली नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र फारसं कुणी सांगत नाही. दत्तक घरात घटस्फोट, मृत्यू, भावंडाचं व्यसन असं काही घडलं की धोका वाढला. आणि ज्यांच्याकडे वारसा होता त्यांना या पडझडीचा फटका जास्त बसला. ज्या मुलाला घरानं जास्त सांभाळून घ्यायला हवं, त्यालाच 'हा तसाच निघणार' म्हणून आपण सोडून देतो.

एकाच जनुकावर बोट ठेवायची घाई तर जुनीच आहे. 1990 साली अमेरिकेत सत्तर मेंदूंच्या तपासणीवरून डोपामिनच्या एका ग्राहीचं जनुक मद्यासक्तीशी जोडलं गेलं, आणि 'दारूचं जनुक सापडलं' असा गवगवा झाला. पुढच्या अभ्यासांत तो संबंध तसा टिकला नाही. आज जे हाती आहे ते शेकडो लहान-लहान फरक आहेत, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. त्यांची बेरीज करून एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीचं भविष्य सांगणं ही भविष्यवेत्त्याची विद्या झाली.

खरा प्रश्न वयाचा आहे, आणि इथेच पूर्वपक्ष कोसळतो. जनुकांचा वाटा मोजायला शास्त्रज्ञ जुळ्यांचा आधार घेतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, भिन्न जुळ्यांची सरासरी निम्मी. घर, गल्ली, शाळा मात्र दोन्ही जोड्यांची सामायिक. एकसारखी जुळी एकमेकांशी जास्त मिळतीजुळती निघाली तर जनुकांचा हात. दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच जुळल्या तर घरादाराचा. केंडलर यांनीच व्हर्जिनियातल्या जुळ्या पुरुषांचा किशोरवयापासून मध्यमवयापर्यंतचा इतिहास असा तपासला. 2008 सालच्या त्या निबंधाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. किशोरवयाच्या सुरुवातीला सिगारेट, दारू, गांजा यांच्या वापरात जनुकांचा वाटा नसल्यात जमा. भार सगळा भोवतालाचा. वय वाढत जातं तसा भोवतालाचा वाटा उतरतो आणि जनुकांचा चढतो.

असं का, ते समजायला अवघड नाही. शरीराचा कौल पदार्थ शरीरात गेल्यावरच कळतो. ज्यानं तंबाखू तोंडात घेतलीच नाही, त्याला निकोटीन किती धरून ठेवेल हा प्रश्नच येत नाही. शिवाय मोठा माणूस आपल्या स्वभावाला रुचेल तो अड्डा निवडतो, बारा वर्षांचं पोर वाट्याला आलेल्या गल्लीतच राहतं.

फिनलंडच्या जुळ्यांच्या अभ्यासानं तर याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. मला स्वतःला या साऱ्या विषयात तिच्याइतकं काहीच मोलाचं वाटत नाही. पालकांचं मुलांकडे किती लक्ष असतं, म्हणजे मूल कुठे जातं, कुणाबरोबर असतं, पैसे कशावर खर्च करतं हे घरात ठाऊक असतं का, याची नोंद घेतली गेली. आणि त्याच जुळ्यांचं चौदाव्या वर्षीचं धूम्रपान पाहिलं. डॅनिएल डिक आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ते मांडलं. जिथे लक्ष अगदी कमी, तिथे मुलामुलांतल्या फरकात जनुकांचा वाटा 60 टक्क्यांच्या वर. जिथे लक्ष पुरेपूर, तिथे तो 15 टक्क्यांच्या खाली. देश तोच, वय तेच. 'व्यसन इतके टक्के आनुवंशिक' ही वर्तमानपत्री ओळ म्हणूनच फसवी आहे. तो आकडा मुलाच्या पेशीत कोरलेला नसतो. आपण मुलांना किती वाऱ्यावर सोडलं आहे, त्याप्रमाणे तो खाली-वर होतो.

जपानचं उदाहरण मोठ्या माणसांचं आहे, तरी ते टाळता येत नाही. पूर्व आशियातल्या अनेकांत एक जनुकीय फरक असतो, ज्यामुळे दारू घेतली की अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल होतो, मळमळतं, छाती धडधडते. मद्यासक्तीपासून याहून मोठं जन्मजात संरक्षण आपल्याला माहीत नाही. तरीही जपानी मद्यासक्त रुग्णांत अशा संरक्षित लोकांचं प्रमाण 1979 साली 2.5 टक्के होतं, ते 1986 मध्ये 8 आणि 1992 मध्ये 13 टक्के झालं. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलला तो समाज, जिथे पिणं रोजचं झालं आणि नाही म्हणणं अवघड.

याच्या उलट दिशेनं गेला तो आइसलंड. 1998 साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्क्यांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर. तंबाखू अठराच्या आत आणि दारू विसाच्या आत विकायला बंदी, जाहिरातींना बंदी, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा, पालकांचे शाळाशाळांतले करार, आणि खेळ-संगीताच्या वर्गांसाठी नगरपालिकेकडून प्रत्येक मुलामागे पैसे, असे ते उपाय होते. छोटा आणि श्रीमंत देश, त्याची गोष्ट वेगळी, असा आक्षेप येईल. त्या काळात युरोपात इतरत्रही मुलांचं पिणं घटलं, हेही खरं. पण दोन्ही आक्षेप रक्ताच्या सिद्धांताला मदत करत नाहीत. कारण काहीही माना, ते भोवतालातच सापडतं.

आता दुसऱ्या प्रतिपक्षाकडे. भोवताल म्हटलं की काही जण लगेच आईच्या पदरात दोष घालतात. 'संस्कार कमी पडले.' हा अन्यायही तेवढाच मोठा. भारतातल्या 2019 सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नशेचा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं: हुंगायचे पदार्थ. दहा ते सतरा वयात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन. स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारं, रात्रीची भूक आणि फलाटावरची थंडी विसरायला लावणारं. इथे कुठलं जनुक शोधायचं आणि कुठल्या आईला जाब विचारायचा?

आपल्याकडे तंबाखू मुलाला कुणी फूस लावून द्यावी लागत नाही. कोकणात, देशावर कितीतरी घरांत तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात, डबीत भरतात आणि सकाळी बोटानं ती मशेरी दातांना लावतात. रांगतं मूल आजीच्या मांडीवरून तेच पाहतं आणि एक दिवस डबीत बोट घालतं. विदर्भात टपरीवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा करतो, आणि तो आणायला घरातलं सगळ्यात लहान पोर धाडलं जातं. 2019 च्या युवा तंबाखू सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू घेतलेल्या भारतीय शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती दहाव्या वर्षाआधीच तोंडात घेतली होती. या मुलांचा बाप व्यसनी असेल वा नसेल, तंबाखूची पुडी मात्र त्यांच्या हातात आपणच दिली आहे.

कायद्याची उणीव नाही. 2003 च्या तंबाखू कायद्यानं अठराच्या आतल्यांना विक्री आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आतली विक्री दोन्ही बंद आहेत. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. उणीव आहे ती हे बजावायला उभं राहणाऱ्या माणसांची.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आणि गावच्या सरपंचांना विनंती आहे. मुलाला खर्र्यासाठी, पुडीसाठी दुकानात पाठवणं आजपासून बंद करा. येत्या बैठकीत शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर, टेपनं मोजा. आत टपरी आढळली तर ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि तिची पोच घ्यायला विसरू नका.