दोशींनी मुद्दाम अपुरी ठेवलेली घरं

वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचं नाव निघालं की लोकांना आधी प्रित्झकर पुरस्कार आठवतो. २०१८ साली तो मिळाला तेव्हा ते नव्वदीत होते. हा मान मिळालेले पहिले भारतीय. जन्म पुण्याचा, घरचा धंदा फर्निचरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये, मग पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली उमेदवारी. या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे. मला दोशी सगळ्यांत मोठे वाटतात ते इंदूरच्या अरण्य वसाहतीत.

ऐंशीच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी सुमारे साडेसहा हजार भूखंडांची ही वसाहत आखायची होती. दोशी आणि त्यांच्या संस्थेने आधी शहरातल्या झोपडपट्ट्या बारकाईने पाहिल्या. लोक दारासमोर ओटा घालतात, ओट्यावर दुकान मांडतात, चार पैसे साठले की खोली काढतात, घरात सून यायची झाली की वर मजला चढवतात. म्हणून सगळ्यांत गरीब कुटुंबांना त्यांनी बांधून तयार घर दिलंच नाही. ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोतं, संडास-मोरी, पाणी, वीज, गटार एवढं दिलं. पुढचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. ते कसं वाढू शकतं हे दाखवायला ८० नमुना घरं तेवढी बांधली. मोठे भूखंड विकून आलेल्या पैशातून लहान भूखंडांचा भार हलका केला. १९९५ साली या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

असं काम मास्तरालाच सुचतं. दोशींनी १९६२ साली अहमदाबादेत वास्तुशास्त्राची शाळा उभी केली, तिचंच पुढे ‘सेप्ट’ विद्यापीठ झालं. उघड्या विटांची इमारत, वर उत्तरेचा उजेड, खाली मोकळी जागा. जिन्यात, कट्ट्यावर, येताजाता होणाऱ्या वादांना तिथे वर्गाइतकाच मान. विद्यार्थी पुढे काय करेल हे शिक्षकाच्या हातात नसतं; त्याने पाया भरून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. पडद्यांपासून पायरीपर्यंत सगळं स्वतःच ठरवणाऱ्या वास्तुरचनाकाराला हे बाजूला होणं फार जड जातं.

आणि आपण मुंबईत काय करतो? झोपडपट्टी पुनर्वसनात माणसांना ३०० चौरस फुटांत बंद करून वर चढवतो. ओटा गेला, ओट्यावरचा धंदा गेला, वाढायची सोयच नाही. मुंबईत इंदूरसारखी जमीन नाही, हे खरं. पण मजल्यावरची वाट रुंद ठेवायला, तळमजल्यावर कामाची जागा राखायला एकरभर जमीन लागत नाही. कोणत्याही पुनर्वसनाचा आराखडा मंजूर होण्याआधी त्या वस्तीत कोण कुठे बसून पोट भरतं, याची घरोघर पाहणी सक्तीची करा. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या पाहणीला पाठवा आणि त्यांची टिपणं मंजुरीच्या फायलीला जोडा.